अधिवास : माहीत नाही

मार्गशीर्षात आमच्याकडच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रिकाम्या होतात आणि तरी हिरव्या दिसतात. धान उभं असतानाच त्याच्या पायाशी, ओल आहे तोवर, लाखोळी या कडधान्याचं बी फेकून ठेवलेलं असतं. वरचं धान कापून गेलं की खालची लाखोळी मोकळा श्वास घेते आणि बघता बघता बांधीभर पसरते. बांधाला लागून कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले असतात, कुठे मळणीची मशीन घरघरत असते, आणि तिचा भुसा वाऱ्यावर उडून रस्त्याने जाणाऱ्यांच्या नाकातोंडात जातो. मला त्या भुशाने शिंका येतात आणि तरी तो वास आवडतो. वरठीत, जिथे मी राहते, सकाळी कारखान्याकडे जाणाऱ्या सायकली आणि मोटारसायकलींच्या गर्दीतसुद्धा तो एखाद्या दिवशी येतोच.

परवा तसाच तो आला आणि त्याच सकाळी बिसेन गुरुजींचा फोनही आला. "मॅडम, धान घरी आलं. पोट्ट्यांचे पेपर झाले. यंदाबी तपासाले या लागते बरं."

मी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि लाल पेन शोधू लागले. पेन सापडलं, पण मन काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात जाऊन बसलं होतं.

मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मार्क देताना माझा हात आखडतो, असं माझे विद्यार्थी म्हणायचे. पुढे त्यांची मुलंही तेच म्हणू लागली, तेव्हा मी निवृत्त झाले. भंडाऱ्यातली एक छोटी संस्था नदीकाठच्या गावांत शनिवारी नदीचा वर्ग घेते. मुलांना काठावर नेतात, पक्षी दाखवतात, पाण्यात काय सोडू नये ते सांगतात. शाळा उघडली की एक पेपर आणि धान घरी आलं की दुसरा. दोन्हींतला फरक म्हणजे मुलं काय शिकली त्याचं माप. हे माप काढायला त्यांना कोणीतरी खडूस माणूस हवा होता आणि माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोचलेली होती.

नियम साधा होता. ज्या शाळेत सुधारणा दिसणार नाही, तिथला वर्ग पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाणार. वर्गासोबत दुर्बिणीही जाणार. संस्थेजवळ दुर्बिणी मोजक्याच होत्या, त्यामुळे त्यांचंही काही चुकत नव्हतं.

बिसेन गुरुजींची शाळा कुठल्या गावची, ते मी सांगणार नाही. आमच्या जिल्ह्यात नद्यांना तोटा नाही. वैनगंगा आहे, बावनथडी आहे, सूर आहे, चुलबंद आहे. त्यांतली एक. बपेऱ्याच्या पुलाकडे जाणाऱ्या बसने जायचं की तिच्या उलट दिशेच्या, हेही विचारू नका. बिसेन गुरुजी आणि पुढे भेटणारी आचल, ही नावंसुद्धा मी बदललेली आहेत. का, ते पुढे कळेलच.

त्या वर्षीचा पहिला पेपर धानाच्या रोवणीच्या दिवसांतला. वर्गात ओल्या दप्तरांचा कोंदट वास, दाराशी चिखलाच्या चपलांचा ढीग. निम्मी मुलं सकाळी बांधीत हात लावून मग शाळेत आलेली, त्यांच्या पिंढऱ्यांवर सुकलेला गाळ. पेपर दमट होते, माझ्या लाल शाईचे टिक पसरून गोल होत होते. त्या पेपरात एक प्रश्न होता, सगळ्यांत जास्त मार्कांचा: "पाणमांजर या प्राण्याचा अधिवास लिहा. तुमच्या गावाजवळ तो कुठे आढळतो, ती जागा सांगा."

'अधिवास' या शब्दाने घात केला. आमच्याकडे हा शब्द पोरांच्या कानावर एकाच कारणाने पडतो: शाळेत, शिष्यवृत्तीला, भरतीला, कशालाही लागणारा अधिवासाचा दाखला. मग काय, उत्तरं अशी आली: "पाणमांजराचा अधिवास तहसीलमध्ये मिळतो." "अधिवासासाठी वडिलांचा दाखला आणि रेशनकार्ड लागते." एकाने तर प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "पाणमांजराजवळ अधिवास नाही." मी घरी एकटी बसून खळखळून हसले आणि मग हसू जरा ओसरलं. नदीतली वाळू उपसली जाते, काठ कापला जातो, जाळी अंथरली जातात. पाणमांजराजवळ अधिवास नाही, हे वाक्य म्हटलं तर अगदी चुकीचं नव्हतं. तरी मी मार्क दिला नाही. सवय.

प्रश्नाचा दुसरा भाग मात्र सगळ्यांनी झोकात सोडवला होता. पाणमांजराला ती मुलं पानकुत्रा म्हणतात. "पानकुत्ते आमच्या अमक्या काकाच्या बांधीमागे, तमक्या झाडाच्या मुळाखाली रायतात." कोणी नकाशाच काढला होता: देऊळ, बोडीचं तळं, पायवाट, मग नदी, आणि काठावर फुली. फुलीजवळ मिशा असलेलं एक तोंड. एवढं नेटकं उत्तर, की कोणीही परका माणूस तो कागद हातात धरून थेट बिळाशी पोचला असता. मी भरभरून मार्क दिले.

तेव्हा सात्यांचे दिवस होते. सात्या म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली रानातली अळंबी, वारुळावर पावसात उगवणारी. तुमसरच्या बसस्टँडजवळ एक बाई पळसाच्या पानावर वाटे लावून बसते. मी दरवर्षी घेते आणि दरवर्षी उगाच विचारते, "कुठून आणल्या गं?" ती दरवर्षी सांगते, "आनल्या जंगलातून." जंगल केवढं मोठं, पण ती एक पाऊलही पुढे सांगत नाही. माझं माहेर साकोलीकडच्या एकोडीचं. आमच्या आईचं सात्यांचं एक वारूळ होतं. पहाटे उठून ती एकटी जायची आणि पदरात भरून आणायची. आम्हा बहिणींना तिने ती जागा कधी दाखवली नाही. माझं लग्न झालं तेव्हा मी लाडात येऊन म्हटलं, "आता तरी सांग." ती म्हणाली, "तू तर चालली. तुले कायले सांगू?" वहिनी घरात आली आणि तिला मात्र सांगितली. मला कितीतरी दिवस त्याचा राग होता. पण त्या सात्यांची भाजी वहिनीच्या हातची खाल्ली की तो राग टिकायचा नाही.

दुसऱ्या पेपराचा गठ्ठा माझ्याकडे आला तेव्हा बांध्या अशाच लाखोळीने भरल्या होत्या. मी उन्हात खुर्ची टाकून तपासायला बसले आणि बसल्या बसल्या खुश होत गेले. पोरं खरंच शिकली होती. जाळ्याचा फाटका तुकडा नदीत का टाकू नये, वाळू उपसली की कासवाची अंडी कुठे जातात, मासा कमी झाला की कोणाकोणाचं पोट मरतं, सगळं आपल्या शब्दांत. अधिवासाची तहसील सुटली होती. आचल नावाच्या मुलीने लिहिलं होतं, "जिथं पोट भरते, लपाले जागा भेटते आणि पिल्लं वाढतात तो अधिवास." पुस्तकातली व्याख्या मला एवढी कधीच आवडली नव्हती.

आणि मग जागेचा प्रश्न. आचलचं उत्तर: "माहीत नाही."

पुढचा पेपर: "माहीत नाही." त्याच्या पुढचा: "माहीत नाही." ज्याने मिशांचं तोंड काढून नकाशा दिला होता, त्याचंही "माहीत नाही", तेही ठळक अक्षरात, खाली रेघ मारून. सगळा वर्ग. मी पेपर खाली ठेवले. कॉपी म्हणावी तर कॉपी करून कोणी 'माहीत नाही' लिहीत नाही. बेरीज केली तर प्रश्न मोठ्या मार्कांचा असल्याने वर्ग पहिल्या पेपरापेक्षा खाली गेला होता. नियमाप्रमाणे ही शाळा शनिवार गमावणार होती.

मी संस्थेला काही कळवलं नाही. बस पकडली आणि शाळेत गेले.

बिसेन गुरुजी साधा माणूस, बोलताना सतत चष्मा पुसणारा. मी पेपर दाखवले. त्यांनी चष्मा पुसला. "मलेबी नाई समजून राहिलं मॅडम." त्यांना खरंच समजत नव्हतं, का तेही मुलांच्या बेतात सामील होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

वर्गात मी सरळच विचारलं, "पहिल्या पेपरात तर बंद्यांना, एकूणएकाला माहीत होतं. आता काहून विसरले?"

मागून एक बारीक आवाज आला, "विसरलो नाई मॅडम," आणि लगेच कोणीतरी त्याला कोपर मारल्याचा आवाज. मग आचल उभी राहिली. सातवीतली, अंगाने किरकोळ, दोन वेण्या, आणि गळ्यात दुर्बीण. त्या आठवड्याची दुर्बीण सांभाळायची पाळी तिची होती.

"आमाले माहीत नाई मॅडम. तुमी मार्क कापा."

"अगं, मार्क कापले तर शनिवारचा वर्ग जाईल. ही दुर्बीणसुद्धा परत जाईल."

तिचा हात नकळत दुर्बिणीवर गेला. तोंड एवढंसं झालं. पण मान हलली नाही. "गुरुजीनं सांगतलं आमाले. जाऊ द्या मंग."

मी पुष्कळ हट्टी मुलं पाहिली आहेत. मार्क वाढवून मागणारी, रडणारी, बापाला घेऊन येणारी. मार्क कापा म्हणून उभी राहिलेली ही पहिलीच. मी उगाच खडू शोधल्यासारखं केलं.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या ताटल्या वाजत होत्या. मी हापशीवर हात धूत होते, तेव्हा आचल आली आणि माझ्यासाठी हापसू लागली. दुर्बीण तिच्या पाठीवर टाकलेली होती.

"मॅडम, तुमी सात्या खाता?"

"खाते की."

"कोठून आनता?"

"तुमसरला एक बाई विकते."

"थे बाई सांगते का तुमाले, कोन्या वारुळावरच्या आहेत म्हनून?"

"छे. कधीच सांगत नाही."

"काहून नाई सांगत?"

मी शिक्षिकेच्या सवयीने उत्तर देऊ लागले. "कारण सांगितलं तर दहा जण तिकडे जातील, वारूळ उकरतील, आणि मग पुढच्या वर्षी तिथे..."

वाक्य तिथेच थांबलं. पाणी माझ्या हातांवरून वाहत राहिलं. आचल हापसायची थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली, उत्तर पुरं होण्याची वाट पाहत. तिने मला प्रश्न विचारला होता, आणि मी तो सोडवला होता.

मग तिने सांगितलं. दिवाळीनंतर गावाची मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, रात्री दंडारीचा नाच आणि नाटक. त्या गर्दीत कोणाच्या तरी पाहुण्याला पोरांनी हौसेने पानकुत्ते दाखवले. पोरांना अभिमान वाटत होता, वर्गात शिकलेलं सांगायचं होतं. पाहुण्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो फिरला. काही दिवसांत अनोळखी माणसं मोटारसायकलींवर आली, शिकारीच्या तयारीने, सोबत पहारीसारखी सब्बल आणि कुत्रे. शनिवारी वर्ग काठावर गेला तेव्हा बीळ उकरलेलं होतं.

"एक पिल्लू होतं तिथं," आचल म्हणाली. "गुरुजीनं पाहू नाई दिलं. पन आमी पाह्यलं."

थोडा वेळ ती हापशीचा दांडा नुसताच वरखाली करत राहिली. पाणी येत नव्हतं.

"मंग?"

"मंग राह्यलेले दुसरीकडं गेले. आमाले सापडले. पन बंद्या पोट्ट्यांनी शपथ घेतली. कोनालेच नाई सांगाचं. पेपरातबी नाई."

मी मोठ्या माणसासारखं बोलले. "पण वनखात्याला सांगायला हवं ना? ते राखतील."

"सायब आले का गाडी येते मॅडम. गाडी आली का बंदं गाव मागं येते." तिने क्षणभर विचार केला. "पिल्लं मोठी झाली का सांगू. आता नाई."

ते खातं आपलं काम करतं, हे मला माहीत आहे. पण त्या बिळाशी ती मुलं उभी होती, मी नव्हते. ती मुलगी बरोबर होती की नाही, हे मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही. तिला काय वाटत होतं, ते मात्र पुरतं कळलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी गुरुजींच्या घरी राहिले. सकाळी मुलं मला घेऊन निघाली. मला न्यावं की नाही यावर त्यांच्यात खल झाला असावा, कारण नकाशावाला मुलगा अजूनही माझ्याकडे पोलिसासारखा बघत होता. धुकं इतकं दाट होतं की बांधावरचे पुंजणे आधी दिसत नव्हते आणि मग एकदम अंगावर येत होते. लाखोळीवरच्या दंवाने माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. कोणी बोलत नव्हतं. एवढ्या मुलांना एवढं गप्प मी कुठल्याच परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिलेलं नाही.

एका जागी आचलने हात वर केला आणि आम्ही सगळे खाली बसलो. वाळूवर माशांचे खवले पडले होते, आणि हवेला मासळीचा उग्र वास. नदी दिसत नव्हती, नुसती वाहिल्याची चाहूल लागत होती. मग धुक्यातून एक शीळ आली, बारीक, तुटक. दुसरीकडून तिला उत्तर. पाण्यावर एक चपटं डोकं वर आलं, मग आणखी एक, आणि त्यांच्यामागून छोटी छोटी, एकमेकांवर चढत, पाणी उडवत, आईच्या तोंडातला मासा ओढत. आचलने दुर्बीण माझ्या हातात दिली. माझ्या डोळ्यांत पाणी असल्याने मला तिच्यातून काहीच दिसलं नाही. मी ती दुसऱ्या मुलाला दिली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिले.

ज्यांची ही दुर्बीण जाणार होती, ती मुलं ती एकमेकांकडे देत होती. शेवटची वेळ असावी तशी, प्रत्येकाने थोडी थोडी.

परतताना कोणी मला शपथ घातली नाही. घातली असती तर बरं वाटलं असतं.

भंडाऱ्याच्या त्या कार्यालयात अमोल नावाचा तरुण हे काम पाहतो. गावोगाव मोटारसायकल पिटणारा, मनापासून काम करणारा पोरगा. हा प्रश्न त्यानेच काढला होता, ज्ञान पुस्तकातलं न राहता गावातलं व्हावं म्हणून. त्याने माझे तपासलेले पेपर पाहिले आणि चहाचा कप खाली ठेवला.

"मॅडम, तुम्ही? तुम्ही 'माहीत नाही'ला पैकीच्या पैकी दिले?"

"हो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांचं उत्तर बरोबर आहे."

"पण कसं? मला वर सांगावं लागेल. कारण तरी लिहून द्या."

इथेच खरी पंचाईत होती. कारण लिहिलं की ते कागदावर आलं. कागद पुढे गेला की फुली काढलेला नकाशा गेल्यासारखंच. न लिहावं तर मुलांचा शनिवार माझ्या नुसत्या शब्दावर लटकलेला. मी म्हटलं, "इतकी वर्षं मी फुकटचा अर्धा मार्क कोणाला दिला नाही, हे सगळा जिल्हा सांगेल. ते कारण लिही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. हुशार पोरगा. त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, तिकडे पाणमांजरं आहेत का? तुम्ही पाहिली?"

त्या क्षणी मला ते चपटं डोकं दिसत होतं, त्यामागची धडपडणारी पिल्लं दिसत होती. सांगावंसं फार वाटलं. एवढं सुंदर काही पाहिलं की ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि मंडईत पोरांचं नेमकं तेच झालं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

अमोलने पेपर एकत्र केले, त्यांना दोरी बांधली, आणि गाठ मारता मारता म्हणाला, "पुढच्या पेपरातून जागेचा प्रश्न काढून टाकतो." वर त्याने काय सांगितलं, मी विचारलं नाही. दुर्बिणी त्या शाळेतच राहिल्या.

आई त्या वारुळाबद्दल मला का बोलली नाही, यावर मी एवढी वर्षं कुरकुरले. आता वाटतं, तिने मला परकं केलं नव्हतं. जो तिथे राहणार, दरवर्षी पहाटे जाणार, जागा जपणार, त्यालाच ती सांगायची, एवढंच तिचं गणित होतं. अधिवासाची तिची व्याख्या तीच असणार.

परवा गुरुजींच्या फोननंतर मी पुन्हा गेले. पेपर घेतले, चहा झाला, आणि बसची वाट पाहत फाट्यावर उभी राहिले. मळणीचा भुसा उडत होता, मी शिंकत होते. शाळा सुटलेल्या मोठ्या मुली सायकलींवरून येत होत्या, शेजारच्या गावच्या हायस्कूलच्या. त्यांतली एक मला पाहून थांबली. उंच झालेली, वेणी आता एकच. ओळखायला मला एक क्षण लागला.

"मॅडम, त्या वर्षी भंडाऱ्याच्या सायबानं तुमाले विचारलं होतं म्हने," आचल म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एवढे दिवस तिने हा प्रश्न जपून ठेवला असावा. "पानकुत्ते कुठं आहेत म्हनून. तुमी काय सांगतलं?"

"माहीत नाही म्हटलं."

तिने मला नीट पाहून घेतलं, मी पेपर तपासताना मुलांच्या अक्षराकडे पाहते तसं. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"मंग पास," ती म्हणाली, आणि सायकलवर टांग टाकून नदीच्या दिशेने निघून गेली.